बधिर बोटांनी शिवलेले लेंगे

दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि आजवर वहीत लिहिली ती फक्त पोरांची मापं. पण त्या म्हणाल्या, "सुभद्राबाई, नवीन बाई इथं येते ती पदर तोंडावर ओढूनच येते. मी काही सांगितलं तर तिला वाटतं, ही धडधाकट, हिला काय कळणार. तुमचं ती ऐकेल."

म्हणून लिहिते आहे. रोग कसा होतो, कोणती गोळी कशासाठी, ते डॉक्टरांना विचारा. मला काय झालं तेवढंच मी सांगणार आहे.

मला महारोग झाला होता आणि तो बरा झाला. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही, पण ती कामाला येतात. देवबागेत मी आजही लहान मुलांचे लेंगे शिवते. काही घरं माझ्याकडे कापड देतात, काही अजून देत नाहीत. जी देत नाहीत त्यांच्यावर मी रागावत नाही. मला झालं नसतं तर मीही कदाचित दिलं नसतं.

बोटातून गेलेला दोरा

माझे वडील मालवणच्या बंदरात गलबतांची शिडं शिवायचे. सुई कशी धरायची ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. लग्न होऊन देवबागेत आले. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे वाळूची पट्टी. माझा नवरा मालाच्या मचव्यावर खलाशी. नारळी पौर्णिमेनंतर जायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. घरात सासूबाई, मी आणि सहा वर्षांची मंदा. माझ्याकडे एक हातमशीन होतं आणि वाडीतली निम्मी पोरं माझे लेंगे घालून झोपायची.

लहान मुलाचा लेंगा ही अगदी सोपी गोष्ट. दोन पाय, मधे आसन, वर नाडीसाठी नेफा. त्या दिवशी सकाळी मी मंदासाठीच शिवत बसले होते. निळ्या पट्ट्यांचं कापड होतं. नेफा मी हातानंच घालायची. मंदा शेजारी शिंपल्या मांडून खेळत होती. ती एकदम म्हणाली, "आये, तुझ्या हाताक रगत इला."

मी खाली पाहिलं. पट्ट्यांवर लाल डाग पसरला होता. हात उचलायला गेले तर कापड हाताबरोबर वर आलं. करंगळीच्या कडेतून दोरा गेला होता. एकदा नाही, तीन टाके. मी माझं बोट नेफ्याला शिवून टाकलं होतं आणि मला मुंगी चावल्याएवढंही कळलं नव्हतं.

मी दोरा कापला आणि एकेक टाका ओढून काढला. तो बोटातून सरकताना दिसत होता, पण दुखलं नाही. मंदा माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. तिला वाटलं, माझी आई किती धीट.

डोळे मिटून

कोपराखाली एक फिकट चट्टा वर्षभर होता. शिबं असेल म्हणून मी गंधक लावत होते. सासूबाईंनी तो पाहिला, बोट पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी होडीनं मला मालवणला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, "मी पिसानं शिवेन. जिथं कळेल तिथं बोट ठेवा." मी वाट बघत बसले. मला वाटलं त्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही. शेवटी मी डोळे उघडले तर सासूबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. डॉक्टर केव्हापासून माझ्या हातावर पीस फिरवत होते.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. सांगताना त्यांचा तळवा माझ्या त्याच हातावर होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पुढं कितीतरी दिवस कुणी मला हात लावला नाही, तेव्हा तो तळवा आठवायचा.

सासूबाईंनी दोनच प्रश्न विचारले. "ही मरतली काय?"

"नाही. गोळ्या निघाल्या आहेत आता. पण घाटावरच्या महारोगाच्या दवाखान्यात राहून काही वर्षं घ्याव्या लागतील."

"मगे माझ्या नातीक काय होतला?"

"दर सहा महिन्यांनी तिला आणून दाखवा. बहुतेक काही होणार नाही."

परत येताना मी होडीतून खाडीच्या पाण्यात हात बुडवला. अंगठ्याला पाणी गार लागलं, करंगळीला लागलं नाही. एकाच हातात दोन बायका राहत असाव्यात तसं वाटलं.

धूर

दोन दिवसांत वाडीत कळलं. कसं, ते मला माहीत नाही. शेजारची एक बाई अंगणाच्या कडेला येऊन थांबली. तिच्या दोन मुलांसाठी दिलेलं कापड माझ्याकडे होतं.

"सुभद्रे, माझा कापड आसा ता पायरीर ठेव. कापूचा नाय."

मी ठेवून आत गेले. तिनं ते काठीनं उचललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माडांपलीकडे वाळूत धूर दिसला. पाला जाळत असतील म्हणून मी बघायला गेले. जळत होते ते लेंगे. वाडीतल्या पोरांसाठी मी शिवलेले सगळे. एकाचा पाय जाळाबाहेर राहिला होता, त्याच्या पट्ट्यांवरून मी ओळखलं. चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यांच्या जागी त्या पोरांची आई म्हणून उभी राहिले असते तर काय केलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी घरी येऊन मी मशीनवर फडकं घातलं आणि खूप रडले.

सासूबाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "उद्या निगूया. हो येयसर थांबान काय करतलंस?" हो म्हणजे माझा नवरा. तो कालिकतकडे होता. त्याला कळवायचं तरी कसं?

घाटावरच्या दवाखान्यात पोचायला दोन दिवस लागले. एस.टी.त सासूबाईंनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः मधे बसल्या. त्यांनी मला हात लावला नाही, पण दुसऱ्या कुणाला माझ्या बाजूला बसूही दिलं नाही. दवाखान्याच्या फाटकाशी त्या म्हणाल्या, "चेडवाक, मंदाक, मी बगतंय. तू बरी होवन ये." आणि मागं न बघता चालू लागल्या. मंदाला तिच्या काकाच्या घरी सोडून निघताना मी जवळ घेतलं नव्हतं. घ्यावं की नाही हेच मला कळलं नव्हतं. या आजारात मला सगळ्यात जास्त दुखलं ते हे. बाकी कशालाही त्याची सर नाही.

दवाखान्यातले दिवस

सकाळी घंटा व्हायची. उठल्यावर पहिलं काम, आपले हात आणि पाय डोळ्यांनी तपासायचे. कातडी सांगत नाही ते डोळ्यांना विचारायचं, असं सिस्टर म्हणायच्या. फोड आहे का, चीर आहे का, काटा आहे का. मग पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं. गोळी सिस्टरांसमोर गिळायची. मग झाडलोट, स्वयंपाकघरातली मदत. चहाचा पेला फडक्यात धरायचा, गरम आहे ते बोटांना कळणार नाही म्हणून.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी माझी बोटं आपल्या उघड्या हातात घेऊन एकेक सरळ करून पाहिली, भाजीवाली शेंगा बघते तितक्या सहजपणे. मला हुंदका आला. त्या म्हणाल्या, "दुखतंय?" मी म्हटलं, "नाही. किती दिवसांनी कुणी हात लावला."

पलीकडे मुलांचा वॉर्ड होता. तिथं काशी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, घाटावरचीच. तिच्या गुडघ्यांखाली दोन्ही पाय बधिर होते. नडग्यांवर कायम पट्ट्या. ती मला दाखवायची, "बघा, चुलीला टेकले तरी मला न्हाई दुखत. मी लई धीराची." मुलांमध्ये पैज लागायची, कोण जास्त वेळ काट्यावर गुडघा टेकून बसतो. हसत खेळत ती पोरं आपले पाय फोडून घेत होती. वेदना म्हणजे काय हे मला त्या मुलांनी शिकवलं. आपण तिला शिव्या देतो, आणि ती बिचारी दिवसभर आपल्या मागं मागं फिरून आपल्याला सांभाळत असते.

मुलांच्या अंगावर चड्ड्या नाहीतर आखूड झगे. मी सिस्टरांना म्हटलं, "यांना लेंगे शिवूया. पाय झाकलेले राहतील."

"शिवणार कोण?"

"मी."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे होते. म्हणाले, "शिवा. पण एका अटीवर. त्या दोन बोटांना चामड्याची टोपणं घालायची, आणि डोळ्यांनी शिवायचं. बोटांवर विश्वास टाकलात की संपलं."

डोळ्यांनी शिवणं सोपं नाही. लहानपणापासून माझी नजर सुईवर कधी नसायचीच. सुई कुठं आहे ते बोट सांगायचं. आता सुई दिसली नाही की ती जगात नाहीच. पहिला लेंगा मला आठ दिवस पुरला. पण तो झाला. जुन्या चादरींचं मऊ कापड, वर्तमानपत्रातून कापलेलं माप, गुडघ्यांना आतून दुहेरी अस्तर. काशी म्हणाली, "मला फुलाफुलांचं पायजे." मी नाही म्हटलं. मुद्दाम पांढरंच कापड घेतलं, कारण पांढऱ्यावर रक्त लगेच दिसतं. मुलाला कळलं नाही तरी लेंग्यानं सांगायला हवं. ती रुसली. मग पायाच्या दुमडीत आतल्या बाजूला मी फुलाफुलांच्या कापडाचा एक तुकडा शिवून दिला. ती दिवसातून दहा वेळा दुमड उलटून बघायची.

तीन महिन्यांत सगळ्या मुलांना दोन दोन लेंगे झाले. मुलांना आम्ही नेम लावला. लाल दिसलं की धावत येऊन सांगायचं. आता पैजा त्याच्या लागायला लागल्या, कोणाचा लेंगा संध्याकाळी जास्त पांढरा.

एका सकाळी सिस्टरांनी मला हाक मारली. काशीची पट्टी सोडलेली होती. त्या नडगीवरची जखम मी आल्यापासून पाहत होते, कधी मोठी, कधी लहान, पण कायम उघडी. आता तिथं गुलाबी, पातळ, चकाकणारी कातडी आली होती. कडेकडेनं आत सरकत आली होती आणि मधोमध मिळाली होती. त्या पोरीला ना दुखल्याचं कळलं होतं, ना भरून आल्याचं. आणि तरी तिच्या आत बसून कुणीतरी रोज थोडं थोडं शिवत होतं, सुई नाही, दोरा नाही, एक सुरकुती नाही. मी इतकी वर्षं सुई चालवली, पण असा जोड मी पाहिला नव्हता. मी खाली बसून ती कातडी जवळून पाहिली. काशी म्हणाली, "काय झालं?" मी तिला तिची नडगी दाखवली.

माप

पावसाळ्यात मचवे वर ओढले गेले आणि माझा नवरा भेटायला आला. त्याला सगळं घरी पोचल्यावरच कळलं होतं. तो बाकाच्या एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. तो झाडांकडे बघत होता.

"भावकी सांगता, दुसरा लगीन कर."

"तुमी काय म्हटल्यात?"

"मी काय बोलूकच नाय. आयेन सगळ्यांका गप केल्यान. सून खंय गेली म्हणान कोणी इचारल्यार सांगता, लेंगे शिवूक गेली." मग तो खाली मान घालून म्हणाला, "खरा सांगू, सुभद्रा? माका अजून भिया वाटता."

मी म्हटलं, "माका पण वाटता." त्याचं हे खरं बोलणं मला बरं वाटलं. गोड बोलून निघून गेला असता तर मी रात्रंदिवस त्याचे अर्थ लावत बसले असते.

मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून बाकावर मधोमध ठेवली. आत दोन दोरे होते. एक आखूड, एक लांब, टोकांना गाठी. लांब दोऱ्याला मधेही एक गाठ.

"आयेन दिल्यान. मंदाचा माप. तिका दोन लेंगे व्हये म्हणता."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी नातीला उभं करून कमरेभोवती दोरा धरला होता, कमरेपासून घोट्यापर्यंत दोरा धरला होता, गुडघ्याशी गाठ मारली होती. ज्या वाडीत माझे लेंगे जाळले, तिथून ती बाई माझ्या हातचे लेंगे मागत होती, आपल्या नातीच्या अंगावर घालायला.

आपल्या भाषेत शिवणं म्हणजे टाका घालणं आणि शिवणं म्हणजे हात लावणं. दोन्ही मला परत मिळत होतं. मी तो लांब दोरा बाकावर ताणून धरला. माझ्या मनातली मंदा त्याहून चार बोटं बुटकी होती. माझ्याशिवाय ती तेवढी वाढली होती.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "धुवा, कडक उन्हात वाळवा आणि खुशाल पाठवा. तुमची गोळी काम करते आहे." जाताना नवऱ्यानं ते लेंगे काखेत धरले होते. पिशवी होती, पण काखेतच धरले होते.

पुढं दर पावसाळ्यात दोरे येत राहिले.

दुसरं वर्ष

सगळं सरळ झालं असं समजू नका. दुसऱ्या वर्षी माझा कोपर सुजला, ताप आला, करंगळी आत वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध चालू असताना असं कधी कधी होतं. हात फळीला बांधून ठेवला. दोन महिने सुई नाही. आता बोटं वळून हाताचा पक्ष्यासारखा पंजाच होणार, या भीतीनं मी जेवण टाकलं. कोपरात रात्रंदिवस ठणका होता, आणि मला तो ठणका अपूर्वाईचा वाटायचा. या हातात अजून कुणी जागं आहे, असं वाटायचं.

मंदाचे दोरे आले ते याच दिवसांत. काशीचे हात चांगले होते. मी सांगत गेले, ती शिवत गेली. नाडी ओवताना तिनं जीभ बाहेर काढली होती. फळी सुटली तेव्हा करंगळी थोडी वाकडी राहिली, पण हात उघडत होता. ज्यांना आत्ता हे होत असेल त्यांना सांगते, जेवण टाकू नका. फळी सुटते.

घरी

गोवा मोकळा झाला त्या हिवाळ्यात मला सोडलं. बरी झाल्याच्या कागदावर डॉक्टरांनी सही करून दिली. मी गेले तेव्हा सहा वर्षांची असलेली मंदा आता अकराव्या वर्षात होती. इतक्या वेळा तिला तपासलं, तिला काही झालं नव्हतं.

होडीतून उतरले तेव्हा नवरा मचव्यावर होता. सासूबाई एकट्याच न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझं गाठोडं घेतलं आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरला, वाळूत पाय रुतू नये म्हणून धरतात तसा, आणि घरापर्यंत सोडला नाही.

मंदा पडवीच्या खांबामागं उभी होती. उंच झाली होती. बघत होती, पण येत नव्हती. मीही बोलावलं नाही. चार वर्षांत आलेली लाज मोडायला वेळ लागणार, हे मी मनाशी धरलं होतं.

सासूबाईंनी माझ्यापुढं एक बोचकं आणून सोडलं. आत मी पाठवलेले सगळे लेंगे होते, धुतलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. पण त्यांच्या शिवणी माझ्या दोऱ्याच्या नव्हत्या. कुठं लाल दोरा, कुठं काळा, कुठं जाळ्याचा सुतळीसारखा जाड. मला वाटलं, फाटले असतील.

"फाटूक नाय," सासूबाई म्हणाल्या. "तू धाडलंस काय ही आदी ते उसवी, आणि मगे परत शिवी. मी वरडलंय. आयकूक नाय."

मी मंदाकडे पाहिलं. ती खांबाला नख लावत होती.

"कित्या गो?"

"तू कसा शिवतंस ता माका बगूचा होता," ती म्हणाली.

चार वर्षं मी तिला समोर बसवून एक टाका दाखवला नव्हता. ती माझे लेंगे उसवून, माझी सुई कुठून आत गेली आणि कुठून वर आली हे भोकं मोजत मोजत शिकली होती. मी शिवत होते तेव्हा मला वाटायचं, मी तिचे पाय झाकते आहे. ती तिकडे माझा हात वाचत होती.

बोचक्याच्या तळाशी एक अगदी लहान लेंगा होता. तो माझा नव्हता.

"ह्यो कोणाचो?"

"काकाच्या बाळाचो. मीच कापलंय, मीच शिवलंय."

शिवणारी बाई कपडा आधी उलटा करून बघते. मी उलटा केला. शिवण दुहेरी दुमडलेली, सपाट, टोकं पक्की. सवयीनं मी चूक शोधायला लागले, आणि एक सापडली.

"नेफो वायच अरुंद झालो," मी म्हटलं. "नाडी अडाकतली."

"खंय?"

"हय बग."

ती खांबामागून आली, माझ्या डाव्या बाजूला मांडीला मांडी लावून बसली, आणि माझ्या हातातल्या लेंग्याचं दुसरं टोक तिनं आपल्या हातात घेतलं.